आप्पांचा जीवनपट लिहिताना

आमचे वडील आप्पा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले निवृत्त हवालदार, गेल्यावर आम्हा भावंडांपुढे दोन कामे एकाच वेळी उभी राहिली. आईच्या नावे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करून घेणे हे एक, आणि वर्षश्राद्धापर्यंत त्यांच्या आयुष्याची छोटी पुस्तिका तयार करणे हे दुसरे. पहिल्यासाठी कागद लागतील आणि दुसऱ्यासाठी आठवणी, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात दोन्हींसाठी तीच काळी लोखंडी पेटी उघडावी लागली, आणि कचेरीसाठी शोधून काढलेली तारीख घरातल्या एखाद्या आठवणीला कधी आधार देऊ लागली, तर कधी तिला खोटेही पाडू लागली. थोरला भाऊ नोकरीनिमित्त गोव्यात असतो, धाकटा शेती पाहतो. मी लग्नानंतर बेळगावात राहते आणि मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे लिहिण्याचे आणि कचेऱ्यांचे अशी दोन्ही कामे माझ्याकडे आली.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, गुंजी स्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. आप्पांचा जन्म १९४४ चा. तेव्हा हा भाग मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला, १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ मध्ये बेळगावचे बेळगावी झाले. आप्पांचे घर कधी जागचे हलले नाही, तरीही शाळेच्या दाखल्यावर एक राज्य, भरतीच्या कागदावर दुसरे आणि निवृत्तीच्या कागदावर तिसरे, अशी त्यांची नोंद आहे. मृत्यूचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत मिळाला, शाळेचा दाखला मराठीत होता आणि सैन्यातून निवृत्त होताना मिळालेले डिस्चार्ज बुक इंग्रजीत. हे सगळे कागद एकाच माणसाचे आहेत, हे दाखवून देणे हाच आमच्या पुढच्या कित्येक महिन्यांचा उद्योग ठरला.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर शुल्क लागत नाही, हे गावात सर्वांना ठाऊक असते. ती नोंद धाकट्याने केली. त्यानंतरचे पाऊल मात्र अनेक घरांतून मागे राहते, म्हणून ते मुद्दाम लिहिते. पूर्वी माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन बँकेमार्फत येत असे. आता ते संरक्षण लेखा विभागाच्या ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून थेट खात्यावर जमा होते, आणि मृत्यूची खबर त्या प्रणालीत नोंदवावी लागते. ती न नोंदवता येत राहिलेले पैसे घरखर्चात गेले, तर पुढे तेच वसूल होतात. आमच्या ओळखीच्या एका घरात असे झाले होते, त्यामुळे आईने आप्पांच्या खात्याला हात लावू दिला नाही. दवाखान्याची उधारी तिने स्वतःजवळच्या पैशांतून भागवली.

खरी अडचण नावाची निघाली. सैनिकाचे लग्न झाले, मूल झाले, की पलटणीत त्याचा ‘पार्ट टू ऑर्डर’ निघतो आणि कुटुंबाची अधिकृत माहिती त्यावरून ठरते. आप्पांनी लग्नानंतर आईचे सासरचे नाव कळवले होते आणि तेच तिथे चढले. माहेरी मात्र तिला ज्या नावाने हाक मारीत, तेच नाव मतदार यादीत गेले, तिथून शिधापत्रिकेवर आणि शेवटी आधार कार्डावर आले. जन्मतारखेचेही तसेच. पलटणीच्या नोंदीत नुसते अंदाजे वय, आणि आधारवर १ जानेवारी. ही तारीख किरकोळ नाही. निवृत्तिवेतनधारकाला किंवा कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या व्यक्तीला ८० वर्षे पूर्ण झाली की मूळ रकमेवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३० टक्के, आणि पुढे वाढत जाऊन शंभरीला दुप्पट होतात. म्हणजे आईचे वय चुकीचे लागले, तर त्याचा फटका तिला आज बसणार नव्हता. पुढे काही वर्षांनी, आम्हीही हे विसरून गेल्यावर, तो बसला असता.

आप्पांनी ही वाढ स्वतः जेमतेम चार महिने घेतली. मार्च २०२४ मध्ये त्यांना ऐंशी पूर्ण झाली, पहिली वाढीव रक्कम आल्यावर “आता सरकारलाही पटलं, मी म्हातारा झालो म्हणून,” असे म्हणत ते गावभर हिंडले, आणि जुलैमध्ये भाताची लावणी चालू असताना ते गेले.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगावातच असल्यामुळे आमचे श्रम पुष्कळ वाचले. इतर प्रांतांतल्या कित्येक घरांना हाच पत्रव्यवहार टपालाने करावा लागतो. तिथल्या कारकुनांनी आमच्याशी सौजन्याने बोलून काय लागेल ते नीट सांगितले. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, लग्नाच्या वेळचा पुरावा, नाडकचेरीतून (इकडच्या महसूल कचेरीतून) हयात वारसांचा दाखला आणि वंशवृक्ष, आणि आप्पांनी निवृत्तीनंतर कधीतरी अर्ज करून आईचे नाव पीपीओवर, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशावर, चढवून घेतल्याचा कागद. १९८३ च्या मूळ पीपीओवर तिचे नाव नव्हते. तो दुरुस्तीचा कागद सापडेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. शेवटी तो गॅसच्या पासबुकात निघाला. आप्पा महत्त्वाचे कागद महत्त्वाच्या जागी ठेवीत नसत, चोर तिथेच आधी पाहतो, असे त्यांचे म्हणणे असे. अर्ज ज्या केंद्रातून भरला, तिथे आईच्या नावातले एक अक्षर पुन्हा चुकले आणि सगळे परत फिरवावे लागले, त्याचा पाढा इथे वाचत नाही.

या शोधाशोधीत पेटीतून आणखी पुष्कळ काही बाहेर आले. अंगठ्याचा ठसा असलेले डिस्चार्ज बुक, रजेचे दाखले, दोरीने बांधलेली अंतर्देशीय पत्रे, आणि जुन्या रुमालात गुंडाळलेली पदके. पत्रांवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यात गावाचे नाव कोठेच नाही, फक्त ‘मार्फत एपीओ’, म्हणजे लष्कराचे टपालघर. पत्र कोठून आले, हे घरच्यांनाही कळू नये अशीच ती व्यवस्था असते, त्यामुळे कोणत्या वर्षी आप्पा कोठे होते हे पत्रांवरून समजत नाही. मजकुरावरून तर नाहीच नाही. मी ती सगळी ओळीने वाचली. बैलाच्या खांद्याला जखम आहे तर नांगराला जुंपू नका, इंटाण भाताचे बियाणे कोणाकडून घ्यावे, मनीऑर्डर पोचली का, माझ्या आत्याच्या स्थळाचे काय झाले, एवढाच त्यांतला संसार आहे. डिसेंबर १९७१ नंतर आलेल्या पहिल्या पत्रात आपण खुशाल असल्याची एक ओळ आहे आणि पुढची सबंध बाजू विहिरीच्या कठड्याविषयी आहे.

पदकांनी मात्र बरेच काही सांगितले, आणि पुस्तिकेचा सर्वांत अवघड प्रश्नही तिथूनच सुटला. आप्पांच्या निधनानंतर गावच्या तरुणांनी श्रद्धांजलीचा जो फलक लावला, त्यावर ‘१९६५ आणि १९७१ च्या दोन्ही युद्धांत शत्रूला पाणी पाजणारे शूर योद्धे’ असे लिहिले होते. भावना चांगली होती, तक्रार करण्यासारखे त्यात काही नव्हते. पण तेच वाक्य पुस्तिकेत घ्यावे, असा थोरल्या भावाचा आग्रह पडला आणि माझे मन मानेना. भारतीय पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, त्यामुळे ती आप्पांचीच होती याविषयी शंका नव्हती. त्यांत १९६५ चे रक्षा मेडल होते, समर सेवा स्टार नव्हता. रक्षा मेडल त्या काळी ठरावीक मुदत सेवेत असलेल्या सर्वांना मिळाले, समर सेवा स्टार मात्र प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना. १९७१ च्या बाबतीत संग्राम मेडलही होते आणि पूर्व आघाडीवरच्या सैनिकांना मिळणारा पूर्वी स्टारही. म्हणजे १९६५ मध्ये आप्पा सेवेत होते, पण युद्धात नव्हते, आणि १९७१ मध्ये ते पूर्व आघाडीवर होते, एवढे निश्चित झाले. भाऊ थोडा नाराज झाला. ‘कोण बघायला येतंय?’ हा त्याचा प्रश्न व्यवहाराला धरून होता. पण जे पाहणारे होते, ते आप्पांच्या पलटणीतले होते आणि त्यांना पुस्तिका पाठवायची होती.

त्यांतलेच एक, चंदगड तालुक्यात राहणारे, आप्पांच्या बरोबरीचे आणि त्यांच्याहून काही वर्षांनी लहान. रक्षाविसर्जनाला ते आले होते, पण त्या दिवशी बोलणे झाले नव्हते. त्यांच्या घरी जाऊन मी लिहून घेतले. आप्पांची १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, ही रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, १७६८ मध्ये उभी राहिलेली. १९७१ मध्ये ती ९५ माउंटन ब्रिगेडमध्ये होती आणि तिचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार करीत होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन बसली आणि शहरातल्या पाकिस्तानी फौजेचा ढाक्याकडे जाणारा रस्ता तोडला. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शत्रूच्या कमांडरला शरणागतीचे पत्र पाठवले, तेव्हा उत्तरादाखल आलेल्या पत्रात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती, ही हकीकत पुस्तकांतूनही येते. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूने कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला आणि तो जंगी पलटणीवरच आदळला. जमालपूर पडले, पुढे टांगाईलजवळ छत्रीने उतरलेल्या २ पॅराशी पलटणीची गाठ पडली, आणि १६ तारखेला ढाका. ती २ पॅराही मुळात मराठ्यांचीच पलटण, हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता.

मला हवे होते ते याहून लहान होते. आप्पा काय करीत होते? ते मॉर्टर प्लाटूनमध्ये होते. मॉर्टर खोलल्यावर तिचे तीन भाग होतात: नळी, दोन पायांचा टेकू आणि खालची जड बेस प्लेट. आप्पांकडे बेस प्लेट असे. पाठीवर प्लेट, त्यावर स्वतःचे सामान, आणि पायाखाली वाळू. रात्री हल्ला आला, तेव्हा मॉर्टरवाले पुढच्या खंदकांत नव्हते, ते मागून मारा करीत होते. त्यांना शत्रू दिसत नव्हता, फक्त आकडे ओरडून सांगितले जात होते आणि त्याप्रमाणे ते बॉम्ब सोडत होते. “तुझ्या बापानं कुणाला मारलं की नाही, हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नाही,” ते म्हणाले. मी हे वाक्य भावाला जसेच्या तसे वाचून दाखवले, आणि फलकावरच्या मजकुराचा विषय त्यानंतर निघाला नाही. पुस्तिकेत जमालपूर दीड पानात आले आहे आणि त्यात बेस प्लेटला एक पूर्ण परिच्छेद आहे.

लष्करी सेवा २० वर्षांची. १९६३ मध्ये, चीन युद्धानंतर सैन्यभरती वाढली तेव्हा आप्पा बेळगावला मराठा सेंटरमध्ये भरती झाले आणि १९८३ मध्ये हवालदार म्हणून घरी आले. त्यानंतर ते ४१ वर्षे जगले. हा हिशेब मी कागदावर मांडला, तेव्हा पुस्तिकेची पाने कशी वाटायची ते ठरले. सैनिकाविषयी लिहिताना माणसे निवृत्तीपाशी थांबतात आणि उरलेले आयुष्य ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ या एका वाक्यात गुंडाळतात. आमच्या आप्पांचे आयुष्य बहुतांशी त्या वाक्यातच होते.

श्रद्धांजलीच्या सभेत प्रत्येक वक्त्याने त्यांना शिस्तप्रिय म्हटले. माजी सैनिक म्हटला की हा शब्द आपोआप येतो. वास्तविक आप्पांसारखा वेळेचे भान नसलेला माणूस मी पाहिला नाही. खानापूरला बाजारासाठी गेले, की ओळखीचे कोणी ना कोणी भेटे आणि परतीची गाडी डोळ्यांदेखत निघून जाई. मग स्थानकावरच्या बाकावर दुसऱ्या गाडीची वाट पाहत ते आणखी नव्या ओळखी करून घेत. त्यांची शिस्त वस्तूंपुरती होती. रविवारी सकाळी घरातल्या सगळ्यांची पादत्राणे अंगणात ओळीने मांडून ते पॉलिश करीत. त्यांत आईच्या चपलाही असत, शेजारच्या मुलांचे शाळेचे बूटही असत. आधी ओल्या फडक्याने चिखल काढायचा, शिवणीत अडकलेली माती काडीने उकरायची, मग पॉलिश थोडे लावून तोंडाची वाफ सोडायची आणि जुन्या बनियनच्या तुकड्याने लहान लहान वर्तुळे काढीत घासायचे. बूट स्वतःचे असोत वा दुसऱ्याचे, घाई करायची नाही.

भात, नाचणी आणि बांधावरचे काजू एवढ्यावर पाच माणसांचे भागण्यासारखे नव्हते. म्हणून खानापुरातल्या एका बँकेत त्यांनी शस्त्रधारी रखवालदाराची नोकरी धरली. स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. प्रत्येक निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागल्यावर परत आणायची, हा घरचा एक सणच असे. रात्री गवे भातात शिरले की ते बंदूक न घेता पत्र्याचा डबा बडवीत जात. (परवानाधारक गेल्यावर ती बंदूक ताबडतोब पोलिसांकडे जमा करावी लागते. शोकाच्या दिवसांत हे कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून सांगून ठेवते.)

मला डी.एड.साठी बेळगावला वसतिगृहात ठेवायचे ठरले, तेव्हा भावकीतून बराच विरोध झाला होता. आप्पांनी कोणाशी वाद घातला नाही. पलटणीतून आणलेली तीच काळी पेटी त्यांनी घासून रंगवली, तिच्यावर माझे नाव पांढऱ्या रंगाने लिहिले आणि पेटी डोक्यावर घेऊन भर दिवसा गावातून गुंजीच्या स्थानकापर्यंत चालत गेले. तेव्हा मीटरगेजची गाडी होती. दर महिन्याला मराठा सेंटरच्या कँटीनमध्ये सामान आणायला ते येत, तेव्हा वसतिगृहाच्या दारात साबण, बिस्किटे आणि चहापत्ती घेऊन उभे असत. आत येत नसत. पुरुषांना परवानगी आहे हे सांगूनही येत नसत.

आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी घरचा स्वयंपाक हाती घेतला. पलटणीच्या लंगरात शिकलेली डाळ त्यांना चार माणसांच्या प्रमाणात कधीच करता आली नाही. उरलेली डाळ शेजारी पोचवण्याचा परिपाठ त्या दिवसांत पडला आणि आईची दृष्टी सुधारल्यावरही तो चालू राहिला.

हे सारे लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवले. जमालपूरच्या पानांवर ती काही बोलली नाही. डाळीच्या परिच्छेदाला तिने हरकत घेतली, कारण त्यात मीठ नेहमी जास्त असे आणि ते मी लिहिले नव्हते. तिच्या लग्नाचे वर्ष दाखल्यांवरून मी लावले होते, ते तिने बदलायला लावले. पहिले वर्ष आप्पा रजेवरून लवकर परत गेले होते, हे तिला पावसाच्या हिशेबाने आठवत होते. पलटणीची नोंद काढून पाहिल्यावर तिचेच खरे निघाले. आप्पांच्या जन्मतारखेवर मात्र एकमत झाले नाही. शाळेच्या नोंदवहीत १ जून १९४५ आहे, जी त्या काळच्या निम्म्या गावाची जन्मतारीख आहे, आणि सैन्याच्या कागदावर मार्च १९४४. मी सैन्याची घेतली, निवृत्तिवेतन त्याच तारखेवर चालले होते म्हणून. धाकट्याला अजून वाटते की आप्पांनी भरतीसाठी वय वाढवून सांगितले असावे.

कुटुंब निवृत्तिवेतनाचा दुरुस्त पीपीओ वर्षश्राद्धाच्या थोडे आधी आला. लवकर गेलेल्यांच्या घरच्यांना काही काळ मिळणारा वाढीव दर आप्पांच्या वयामुळे लागू नव्हता, त्यामुळे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के या साध्या दराने, पण आधीच्या महिन्यांच्या थकबाकीसह तो मंजूर झाला. आईच्या नावात आता सगळीकडे तीच अक्षरे आहेत. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. लावणी-कापणी केलेल्या हातांचे असे होतेच. शेवटी डोळ्यांवरून ओळख पटली.

पुस्तिकेच्या प्रती गावात वाटल्या आणि पलटणीतल्या माणसांना टपालाने पाठवल्या. चंदगडच्या काकांचा फोन आला. वाचून झाली, ठीक आहे, म्हणाले, आणि मग बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिले. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी विचारले की आपण जिवंत असतानाच आपलेही असे कोणी लिहून ठेवील का. मळणी उरकली की येते, असे मी सांगितले, आणि तोपर्यंत डिस्चार्ज बुक शोधून ठेवा, असेही म्हटले. शिवाय काकूंचे नाव पीपीओवर आणि आधारवर कसे लिहिले आहे, तेही पाहून ठेवायला सांगितले.